‘कळलं का?’ हा प्रश्न आधी सोडा

वाचकांचे प्रश्न : ग्राहकाला जाणारा मजकूर तपासायचा कसा?

गेल्या अंकात मी या सदरात एवढंच सुचवलं होतं की ग्राहकाकडे जाणारा कुठलाही मजकूर, मग तो मोबाईलवरचा मेसेज असो, पाकिटावरची कृती असो की ॲपमधलं बटण, कायम करण्याआधी चार खऱ्या ग्राहकांसमोर ठेवून बघा. त्यावर बरीच पत्रं आली. ‘ठेवला, पण हाती काही लागलं नाही’ असा बहुतेकांचा सूर आहे. म्हणून या वेळी जरा तपशिलात शिरते.

प्रश्न : ताई, आमची ग्रामीण भागातली पतसंस्था आहे. कर्जाच्या हप्त्याची आठवण देणारा मेसेज आम्ही यंदा मराठीत सुरू केला. मजकूर असा : ‘प्रिय सभासद, आपल्या कर्ज खाते क्र. ४५१२ वरील हप्ता रु. ३,२५०/- दि. १०/०६ रोजी देय असून सदर रक्कम विहित मुदतीत न भरल्यास नियमानुसार दंडव्याज आकारण्यात येईल याची कृपया नोंद घ्यावी.’ पाठवण्याआधी संचालकांना, कर्मचाऱ्यांना आणि काउंटरवर आलेल्या काही सभासदांना दाखवला होता. सगळे म्हणाले, व्यवस्थित आहे, कळतंय. तरी मेसेज गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर एकच गर्दी : ‘साहेब, हे काय आलंय बघा जरा.’ आमचं कुठं चुकलं? – शाखाधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : मजकुराकडे नंतर येते. आधी तुम्ही विचारलेला प्रश्न बघू. शाखाधिकारी स्वतः समोर उभे राहून ‘कळतंय का?’ म्हणतात, तेव्हा सभासद ‘नाही’ कशाला म्हणेल? उद्या त्याला जामीनदार घेऊन तुमच्याच टेबलाशी यायचं असतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘हो, कळलं’ म्हणणं ही रीत आहे, मान राखणं आहे. त्यातून आकलनाचा काही पत्ता लागत नाही. संचालकांना आणि कर्मचाऱ्यांना दाखवून तर काहीच साधत नाही. ‘देय’, ‘विहित मुदत’ ही त्यांची रोजची भाषा आहे.

आता असं करा. प्रत्येक शाखेतून दोन-तीन सभासद निवडा, पण नेहमी गप्पा मारायला येणारे नकोत. साधा बटणांचा फोन वापरणारे एखादे आजोबा घ्या. नवऱ्याच्या नावावर कर्ज असून हप्ता स्वतः भरायला येणारी बाई घ्या. मोबाईल मुलाच्या हातात असतो अशा घरातलं कुणी घ्या. मजकूर कागदावर दाखवू नका, त्यांच्याच फोनवर पाठवा. वाचून दाखवू नका. तपासायला शाखाधिकारी बसू नयेत, नव्यानं लागलेली क्लार्क मुलगी बसली तर उत्तम. तिनं एवढंच म्हणायचं : ‘काका, हा मेसेज आत्ता बाजारात असताना आला असं समजा. तुम्ही काय कराल?’ आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड जातं. समोरचा माणूस अडखळला की आपल्या तोंडून ‘म्हणजे बघा, हप्ता भरायचाय’ असं निघून जातं आणि तपासणी तिथंच संपते.

ते बोलून झाले की चारच गोष्टी विचारा : किती भरायचे, कधीपर्यंत, कुठं, आणि नाही भरले तर काय होईल. उत्तर मेसेजमध्ये बघून दिलं तरी चालेल, पण बोट कुठं फिरतं ते बघा. शेवटी फोन खाली ठेवायला सांगा आणि विचारा, ‘घरी गेल्यावर काय सांगाल, कसला मेसेज आलाय म्हणून?’ यावर येणारं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, व्याकरण सुधारू नका. पुष्कळदा तुमचा नवा मजकूर त्या वाक्यातच तयार असतो.

एका दूध संघाचा मेसेज तपासताना पाहिलेली गोष्ट सांगते. मेसेजमध्ये लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम असा क्रम होता. सगळी माहिती बरोबर होती. गोठ्यातून नुकत्याच आलेल्या एका बाईंना तो दाखवला. त्यांनी ओला हात पदराला पुसला, फोन घेतला, मेसेज वर-खाली केला आणि फडताळातून डेअरीची कागदी चिठ्ठी काढली. चिठ्ठीवर रकमेचा आकडा शेवटच्या ओळीत ठळक होता. तो त्यांनी पाहिला, मग मेसेजमध्ये तोच आकडा शोधला आणि म्हणाल्या, ‘बरोबर हाय.’ मेसेज कळला का असं विचारलं असतं तर ‘हो’ म्हणाल्या असत्या, आणि ते खोटंही नव्हतं. पण दर कालच्यापेक्षा का उतरला हे सांगायला संघानं तो मेसेज सुरू केला होता, आणि एसएनएफच्या आकड्याकडे त्यांची नजर एकदाही गेली नाही. पुढच्या मसुद्यात ‘आज दर कमी : एसएनएफ ८.५ ऐवजी ८.२’ ही ओळ सगळ्यात वर आली. मग त्या चिठ्ठी शोधायला उठल्या नाहीत. आधी वैरणीबद्दल बोलायला लागल्या, मग डेअरीतल्या मशीनबद्दल तक्रार केली. मेसेजनं काम केलं ते इथं.

आता तुमचा मजकूर. त्यातला ३,२५० हा आकडा छप्पन्नाव्या अक्षराला सुरू होतो, मी मोजून पाहिलं. फोनच्या पडद्यावर वर जी सूचना झळकते तिच्यात सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणजे सभासदाला दिसतं ते ‘प्रिय सभासद, आपल्या कर्ज खाते’ एवढंच. कर्ज हा शब्द दिसला आणि पुढचं दिसलं नाही, तर माणूस घाबरून शाखेत येणारच.

पैशाचाही हिशोब आहे. इंग्रजी अक्षरांचा साधा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा ७० चा. त्यापुढे गेलात की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा ६७ अक्षरांचा होतो. इथं काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘हप्ता’ आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण तो पाच जागा घेतो. तुमचा मजकूर १७८ भरतो, म्हणजे एका सभासदामागं तीन मेसेजांचे पैसे जातात. हे बघा : ‘१० जूनपर्यंत कर्जाचा हप्ता ३,२५० रुपये भरा. नंतर दंडव्याज लागेल.’ हे ६४ मध्ये बसतं. संस्थेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे जोडले की दोन मेसेज होतील. नाव हवंच. पण माझा हा मजकूरही चांगला आहे असं धरून चालू नका. वर सांगितलं तसा तोही लोकांसमोर ठेवा. ‘भरा’ हा हुकूम वाटला, ‘भरावा’ हवं होतं, असं तुमच्याकडचे वयस्क सभासद म्हणतील, कदाचित म्हणणारही नाहीत. ते त्यांच्याकडूनच कळू द्या.

तपासणी मजकूर नोंदवण्याआधी करा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनंतर व्यावसायिक मेसेजचा साचा दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मंजुरीनंतर एक शब्द बदलायचा तरी पुन्हा अर्ज. म्हणून मसुदा आधी साध्या फोनवरून त्या दहा-बारा सभासदांना पाठवा, दोनदा-तीनदा बदला, मग नोंदवा.

एक प्रश्न मात्र न विसरता विचारा : ‘हा मेसेज कुणी पाठवलाय असं वाटतं? खरा वाटतो का?’ २०२२ मध्ये ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असे खोटे मेसेज किती घरांत पोचले आणि किती जण त्यात फसले, ते आपण पाहिलंय. तेव्हापासून तारीख, रक्कम आणि दंडाची धमकी एकत्र दिसली की शहाणा माणूस मेसेज पुसून टाकतो, आणि त्याचं बरोबरच आहे. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी, एस, टी, जी यांतलं एक अक्षर लागतं, म्हणजे जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी ते ओळखता यावं. पण तुमच्या सभासदांपैकी किती जणांना ते माहीत आहे, हेही विचारून पाहा. लिंक टाकू नका. ‘शाखेत किंवा नेहमीच्या वसुली प्रतिनिधीकडे’ असं लिहिलंत तर विश्वास वाढतो का, तेही तपासा.

एवढं करून मेसेज समजला हे कळेल. हप्ते वेळेवर येतील का, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा सम असलेल्यांना नवा मजकूर पाठवा, विषम असलेल्यांना जुना, आणि १० तारखेपर्यंत दोन्हीकडून किती टक्के हप्ते आले ते बघा. एका शाखेला जुना आणि दुसरीला नवा, असं करू नका. एका गावात त्याच आठवड्यात कारखान्याचं ऊसबिल जमा झालं, तर वसुली त्या बिलामुळे वाढेल आणि श्रेय मेसेजला जाईल.

प्रश्न : मॅडम, आमचा बचत गट नाचणीचं सत्त्व तयार करतो. पाकिटासाठी दोन मजकूर आहेत. एक : ‘पारंपरिक पौष्टिक नाचणी सत्त्व’. दुसरा : ‘सकाळच्या घाईत पाच मिनिटांत गरम नाचणी’. प्रदर्शनात आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्ही दाखवून कुठलं आवडलं ते विचारलं. सगळ्या म्हणाल्या, दोन्ही छान. गटातल्या निम्म्या जणी पहिल्याच्या बाजूनं आहेत, निम्म्या दुसऱ्याच्या. काय करावं? – बचत गटाच्या अध्यक्षा, अकोले

उत्तर : प्रदर्शनात तुम्ही हातानं केलेली वस्तू घेऊन बसलेल्या असता, समोर उभी राहून कोण ‘हे आवडलं नाही’ म्हणेल? आवडीनिवडीची मतं गोळा करणं बंद करा. महालक्ष्मी सरस, भीमथडी किंवा तालुक्याचं एखादं प्रदर्शन असेल तर तिथं काही दिवस तुमचा एकच गाळा असतो आणि वेगवेगळी माणसं समोरून जातात. तपासणीला याहून चांगली जागा नाही. एका दिवशी सकाळी पहिला मजकूर समोर मांडा आणि दुपारनंतर दुसरा. दुसऱ्या दिवशी उलट करा. नाहीतर संध्याकाळची गर्दी नेहमी एकाच मजकुराच्या वाट्याला येईल. भाव, मांडणी, चव घ्यायला दिलेली वाटी, सगळं तेच ठेवा. गाळ्यावरच्या एका मुलीनं वहीत तीनच रकाने करावेत : किती जणी थांबल्या, किती जणींनी पाकीट उलटून मागची बाजू वाचली, किती जणींनी घेतलं. पाकीट उलटणं ही मोठी खूण आहे. पुढच्या मजकुरानं काम केलं की माणूस पाकीट उलटतो.

माझा अंदाज विचाराल तर दुसरा मजकूर नोकरी करणाऱ्या बायकांना थांबवेल आणि पहिला आजी मंडळींना. मग प्रश्न मजकुराचा उरत नाही, तुम्ही कुणाला विकताय याचा होतो. पण अंदाज माझा आहे, वही तुमची असेल. तिच्यावर विश्वास ठेवा.

पण तुमचं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती पाकिटाच्या मागच्या बाजूची. तुम्ही सोबत पाठवलेल्या कृतीत लिहिलंय : ‘२ चमचे सत्त्व एक कप गरम पाण्यात किंवा दुधात घालून ढवळावे व शिजवावे.’ गटातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती नाचणी आधी थंड पाण्यात कालवेल आणि मग आधणात ओतेल. तिच्या हाताला ते इतकं सवयीचं आहे की लिहायचं सुचलंच नाही. शहरातली ग्राहक कृती वाचेल तशी करेल, गरम पाण्यात पीठ टाकेल आणि गुठळ्या होतील. मग ती सत्त्वाला नावं ठेवेल आणि दुसरं पाकीट घेणार नाही.

म्हणून कृतीची तपासणी चुलीपाशी करायची. कधी नाचणी न केलेल्या चार-पाच जणी बोलवा. कॉलेजची मुलं मिळाली तर फारच छान. पाकीट, पातेलं, कप, चमच्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘यावर लिहिलंय तसं करा.’ मध्ये एक शब्द बोलू नका. एक जण चहाचा चमचा उचलेल, दुसरी पोह्याचा. एकीचा कप कॉफीचा असेल, दुसरीचा दोन घोटांचा. पुन्हा वाचायला कोण कुठं थांबलं, कुणी ‘शिजवावे म्हणजे किती वेळ?’ असं पुटपुटलं, ते लिहून ठेवा. मग कृती अशी होईल : ‘दोन चहाचे चमचे सत्त्व अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा. दीड वाटी उकळत्या पाण्यात ओता. सतत ढवळत पाच मिनिटं शिजवा.’ मापं तुमच्या सत्त्वाला बसतील ती घाला. नव्या कृतीवर पुन्हा दुसऱ्या चार जणींना बसवा, त्याच मुली नकोत. त्यांना आता येतं.

जाता जाता एक सांगते. मधुमेह बरा होतो, हाडांचे आजार जातात, असलं काही पाकिटावर छापू नका, मग त्यानं विक्री कितीही वाढो. खाद्यपदार्थांवर रोग बरा करण्याचे दावे करायला कायद्यानं बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी घरगुती डब्याचं ॲप काढलंय. एक जण म्हणतो पाच लोकांवर तपासणी पुरे, दुसरा म्हणतो दोन मजकूर हजारो लोकांना दाखवून आकडे बघितल्याशिवाय काही खरं नाही. नक्की किती माणसं लागतात? – कोथरूड, पुणे

उत्तर : दोघंही बरोबर आहेत, पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांबद्दल बोलताहेत.

‘पाच’ हा आकडा संकेतस्थळं वापरायला किती सोपी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या २००० सालच्या लेखामुळे सगळीकडे पसरला. एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, असं ते गणित आहे. अडचण शोधायची असेल तर हे पुरतं. ‘सदस्यत्व थांबवा’ आणि ‘सदस्यत्व रद्द करा’ यांत तिसऱ्याच माणसाची गल्लत झाली, तर आणखी सत्त्याण्णव जणांना विचारत बसायची गरज नाही, बदला. पण ‘या मजकुरानं जास्त लोक डबा लावतील’ असं पाच जणांवरून म्हणता येत नाही. आज तुमच्या पानावर येणाऱ्या शंभरांपैकी पाच जण डबा लावतात आणि नव्या मजकुरानं सहा लावतील अशी आशा असेल, तर तो फरक भरवशानं पकडायला प्रत्येक गटात सुमारे आठ हजार माणसं लागतात. तुमच्याकडे महिन्याला तेवढे लोक येतात का? नसतील येत तर ते आकडे बघणं म्हणजे वेळ घालवणं आहे. त्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि दर फेरीनंतर मजकूर सुधारा.

चुकीचा अर्थ लागल्यानं जिथं जीवाला धोका आहे तिथं पाचावर कुणी थांबत नाही. युरोपीय संघानं २००४ च्या निर्देशानं औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक रुग्णांसमोर तपासून घेणं सक्तीचं केलं. मार्गदर्शक सूचनांमधली पद्धत अशी : आधी तीन ते सहा जणांवर चाचपणी, मग दहा-दहा जणांच्या दोन फेऱ्या. विचारलेली माहिती ९० टक्के लोकांना पत्रकात सापडली पाहिजे, आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्के लोकांनी ती समजल्याचं दाखवलं पाहिजे. सापडणं आणि समजणं वेगळं मोजलंय हे मला त्यात फार पटतं. ॲपमध्ये निम्म्या तक्रारी सापडण्याच्या असतात, आणि आपण शब्द बदलत बसतो.

मोठ्या आकड्यांची ताकद बघायची असेल तर ब्रिटनचं एक उदाहरण अभ्यासा. तिथं सरकारी संकेतस्थळावर गाडीचा कर किंवा लायसन्सचं काम संपलं की शेवटच्या पानावर अवयवदानासाठी नोंदणी करण्याचं आवाहन येत असे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचे आठ मजकूर दहा लाखांहून जास्त लोकांना दाखवले गेले. आठही समजायला सोपे होते. तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल का, मग इतरांनाही मदत करा, अशा आशयाचा मजकूर सगळ्यांत जास्त चालला. आणि माणसांच्या समूहाचा फोटो टाकलेला मजकूर फोटो नसलेल्या साध्या आवाहनापेक्षाही मागं पडला. फोटो टाकूया असं बैठकीत कुणी म्हणालं असतं तर मी मान डोलावली असती, तुम्हीही डोलावली असती. म्हणून आधी पाच जणांकडून अर्थ स्वच्छ करून घ्या आणि परिणाम मोजण्याइतके लोक यायला लागले की मग मोजा. क्रम उलटा केलात तर न समजणाऱ्या दोन मजकुरांमधला बरा कोणता, एवढंच हाती येईल.

अटी-शर्तींसारख्या लांब मजकुरासाठी एक जुनी युक्ती आहे. विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकांनी ती १९५३ मध्ये मांडली. मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला रिकाम्या जागा भरायला लावायच्या. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटलेले असल्यानं मी अर्थ जुळला की बरोबर धरते. लोक जिथं पेन थांबवून बसतात ती वाक्यं आधी फोडा.

प्रश्न : माझं यवतमाळ जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र आहे. बाटलीवर हिरवा रंग असला की ‘हे साधं आहे, याला हातमोजे कशाला’ असं शेतकरी म्हणतात. लेबल तर मी बदलू शकत नाही. दुकानात मोठी पाटी लावली, तीही कुणी वाचत नाही. काय करता येईल? – दुकानदार

उत्तर : या महिन्यात मी सगळ्यात जास्त वेळ तुमच्या पत्रापाशी थांबले. २०१७ च्या हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पत्रकं निघाली, पोस्टर लागले. पण ते वाचून फवारणी करणाऱ्याच्या हातून काय होतं हे बघायला कितीजण शेतात गेले?

लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. चौघंही विषारीच आहेत. पण सिग्नलचा हिरवा म्हणजे ‘जा’ आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी हे ज्याच्या डोळ्यांत रुजलंय, त्यानं हिरव्या चौकोनाचा अर्थ ‘बिनधोक’ असा लावला तर दोष त्याचा नाही. असली चूक लोकांसमोर ठेवल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत : पाटी आणि तुमचं बोलणं. दोन्ही तपासा. पाटी काढून टाका. त्या जागी चारही रंगांच्या रिकाम्या, स्वच्छ डब्यांची चित्रं काउंटरवर काचेखाली ठेवा. गिऱ्हाईक बिलासाठी थांबतं तेवढ्यात विचारा, ‘दादा, यातलं कुठलं हातमोज्याशिवाय फवारता येईल?’ परीक्षा घेतल्यासारखं नको, सहज. कोण कशावर बोट ठेवतो ते आठवडाभर वहीत मांडा. मग मजकूर बदलून बघा. चित्राखाली कधी ‘हिरवा : हेही विषच’ एवढंच लिहा, कधी ‘चारही रंगांना हातमोजे’. पुढच्या आठवड्यात वेगळ्या गिऱ्हाइकांना तोच प्रश्न विचारा. हिरव्यावर बोट ठेवणारे कुठल्या मजकुरानं कमी होतात ते तुम्हालाच दिसेल.

बोलण्याची तपासणी याहून महत्त्वाची, कारण तुमचं गिऱ्हाईक पाटीपेक्षा तुमच्या शब्दावर जास्त चालतं. सूचना सांगून झाली की ‘समजलं ना?’ म्हणू नका. म्हणा, ‘मी नीट सांगितलं का बघू, आता उद्या सकाळी शेतात तुम्ही काय काय कराल ते मला सांगा.’ दवाखान्यात चांगले डॉक्टर आणि परिचारिका हेच करतात. ‘मी नीट सांगितलं का’ या शब्दांनी ओझं तुमच्या अंगावर येतं आणि समोरच्याला लाज वाटत नाही. तो म्हणाला, ‘पंपात औषध टाकीन, काडीनं ढवळीन, फवारीन,’ तर काय सुटलंय ते लगेच दिसतं : वाऱ्याकडे पाठ, तोंडाला फडकं, तंबाखू मळण्याआधी साबणानं हात. सुटलेलं तेवढंच पुन्हा सांगा, सगळं पहिल्यापासून नको.

आणखी एक. औषध विकत घेणारा आणि फवारणारा पुष्कळदा एकच नसतो. मालक तुमच्याकडे येतो, पंप मजुराच्या पाठीवर असतो. मालकाला समजलं एवढ्यावर थांबू नका. ‘फवारणार कोण?’ असं विचारा. दुसरा कुणी असेल तर त्याला तिथूनच फोन लावायला सांगा, स्पीकरवर ठेवा आणि त्याच्या तोंडून ऐका. हंगामाच्या धावपळीत प्रत्येकाशी हे होणार नाही, मला कल्पना आहे. निदान लाल आणि पिवळ्या रंगाच्या औषधांना कराच, आणि पहिल्यांदाच फवारणी करणारा पोरगा असेल तर रंग न बघता करा.

प्रश्न : मी ॲपमधला मजकूर मराठीत आणण्याचं काम करते. कंपनी म्हणते, इंग्रजी मजकुराची तपासणी झालीय, मराठीची वेगळी नको. – ठाणे

उत्तर : हवी. निदान दोन गोष्टींसाठी तरी भांडा. मराठी वाक्य बटणात मावत नाही आणि शेवटचा शब्द कापला जातो. क्रियापद शेवटी असल्यानं नेमकं काय करायचं तेच दिसेनासं होतं. हे कंपनीला फोनवर दाखवा, चर्चा लगेच संपेल. दुसरं, मराठी निवडलेली माणसं किती दिवसांनी भाषा बदलून पुन्हा इंग्रजीवर जातात हा आकडा कंपनीकडे असतो. तो मागा. मग त्यांतल्या तिघा-चौघांना फोन करून कुठल्या पानावर असताना भाषा बदलली ते विचारा. तपासणी त्या पानापासून सुरू करा.